स्फुरद

माझे सासरे फुलक्रां वर्षं मोजतात
एका उन्हाळ्याच्या अलीकडची आणि पलीकडची.
मधे पांढरं पाणी.

मी तेव्हा या घरात आले नव्हते,
पण इतक्यांदा ऐकलंय की वास नाकात बसलाय:
सडक्या अंड्यांचा, आणि त्याच्या खाली
काहीतरी गोडसर.
आठ दिवस वारा पडलेला.
तळाशी शेवाळ कुजलं, कुजताना सगळा प्राणवायू पिऊन बसलं,
मग खालून गंधक वर आलं
आणि खारं तळं नासलेल्या दुधासारखं झालं, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत.

"पहाटे खेकडे दोरांवर चढले होते," ते सांगतात,
"एकावर एक, पाण्याच्या बाहेर.
खेकडाच पाण्यातून पळतो म्हटल्यावर
माणसानं काय समजायचं?"
कालवांना पळता येत नाही.
ती सिमेंटनं चिकटवलेली असतात दोराला, तीन-तीन,
त्यांच्या बहिणींच्या बोटांनी, हिवाळाभर.
सतराशे दोर उचलले त्यांनी.
शिंपले उघडे.
आत काय होतं ते कधी सांगत नाहीत.

इथल्या जुन्या बोलीत याला एक शब्द आहे: मालाइग.
वाईट पाणी.
मी म्हणते, पाण्याचं काय वाईट?
दोन पुरुष खोल तळं, समुद्राशी बोलायला दोन अरुंद तोंडं,
आणि आपण ओतत गेलो:
गावांच्या मोऱ्या, द्राक्षमळ्यांतून वाहून आलेलं नत्र,
जुलैत तंबू ठोकणाऱ्या हजारोंचे संडास.
त्यानं कधी नको म्हटलं नाही.

मी सांडपाणी केंद्रात काम करते, दुसरी पाळी.
टाकीत लोहाचा क्षार सोडायचा, स्फुरद खाली बसवायचं,
खाली बसलेला गाळ उपसायचा,
वहीत आकडा लिहायचा.
स्फुरद. खताच्या पोत्यावर छापतात तेच.
वीस वर्षांत आकडा दशांशाच्या उजवीकडे सरकत गेला.
समुद्रगवत परतलं. गवतात पाणघोडे, शेपटीनं पात धरून.
मी वाकून बघते नावेतून, आणि मला, खरं सांगते,
थोडा माज येतो.

रविवारी जेवताना फुलक्रां एक कालव उघडतात,
माझ्या ताटात ठेवतात.
पातळ. कडेनं जवळजवळ पारदर्शक.
"पूर्वी अठरा महिन्यांत भरायचं. आता तीन वर्षं.
तळ दिसतो म्हणून तुझे साहेब फोटो काढतात.
कालवाला तळ बघायचा नसतो, पोरी,
त्याला जेवायचं असतं."
मग हसत, पण पूर्ण हसत नाहीत:
"एखाद्या रात्री झडप उघडी ठेव ना.
थोडीच."

नवरा पावाकडे बघत राहतो.
मी लिंबू पिळते.
अति तिथं माती, हे त्यांना मी काय शिकवणार,
त्यांनी ती माती हातानं उचललीय.
पण पुरेसं कुठं सुरू होतं
ते माझ्या वहीत नाही,
आणि त्यांच्या जिभेवर आहे ते
मला मोजता येत नाही.

ऑगस्ट. सहावा दिवस, पान हलत नाही.
बोट ओलं करून फुलक्रां हवेत धरतात, काही न बोलता खाली घेतात.
मी पट्टीवरचा आकडा वाचते: प्राणवायू तीन पूर्णांक एक.
तासानं दोन पूर्णांक सहा.
झडपेचा विषय निघत नाही.

आम्ही दोघं नावेत, रात्रीचे तीन.
जितके दोर उचलता येतील तितके उचलतोय, फळ्यांवर टाकतोय,
ते दमतात आणि दमलो म्हणत नाहीत.
थर्मासमधली कॉफी कधीच संपली.

"थांब," ते म्हणतात,
आणि विजेरी खाली धरतात.

दोरावर एक खेकडा.
अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर.
माझ्या सासऱ्यांचा हात माझ्या मनगटावर येतो,
खरबरीत, गार,
आणि आम्ही श्वास रोखून बघत राहतो
तो कुठल्या बाजूला जातो.